तुर्कीच्या किनाऱ्यावर यॉट घेऊन निघालात? या चुका टाळा

फेथिये ते केकोवा हा लिशियन (प्राचीन लिशिया प्रांताचा) किनारा म्हणजे एका बाजूला कड्यात कोरलेली थडगी आणि दुसऱ्या बाजूला निळंशार पाणी, त्यामुळे लोक येतात आणि बोट चालवणं म्हणजे गाडी चालवण्यासारखंच समजतात. तिथेच घोळ होतो.

सगळ्यात मोठी चूक नांगराची. आठ मीटर खोलीत पंधरा मीटर चेन सोडायची, बोट थांबली की लगेच बिअर उघडायची. अरे बाबांनो, चेन तळाशी आडवी पडली तरच नांगर रुततो, म्हणून खोलीच्या चार-पाच पट तरी सोडा. गेमिलर बेटासमोर संध्याकाळी आमच्या शेजारी असंच एक टोळकं आलं, नांगर थेट आमच्या चेनवर टाकला, किनाऱ्याला दोर न बांधताच वर चर्चचे अवशेष बघायला पळाले. रात्री वारा फिरला आणि त्यांची बोट घसरत आमच्या अंगावर आली, फेंडर (बोटीच्या कडेला धक्का झेलायला लटकवलेले फुगे) किंचाळायला लागले, दोन्ही चेन एकमेकींत अडकल्या. शेवटी त्यांचा नांगर वर खेचला, आमच्या चेनखालून दोर घालून ती पुढे बांधली, त्यांचा नांगर जरा खाली सोडून मोकळा केला, तोवर उजाडायला आलं. मी तर नांगर टाकला की इंजिन रिव्हर्समध्ये घालून चेन ताणून बघतो, मग पोहण्याचा मास्क लावून स्वतः पाण्यात खाली बघून येतो, आणि ते झाल्याशिवाय जेवण नाही. लोक हसतात, हसू देत.

दुसरी चूक, घाई. आठवडाभरात सगळं बघायचं म्हणून येदीबुरुनलार, म्हणजे सात भूशिरांचा तो पट्टा, भर दुपारी गाठायचा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा चढतो, समुद्र उघडा, आणि आसरा घ्यायला धड खाडीही नाही. पहाटे निघा, नाहीतर फेथियेजवळच्या गोजेकच्या खाड्यांतच रमा, तिथे काय कमी आहे!

केकोव्यात दुसऱ्या शतकातल्या भूकंपाने बुडालेलं शहर आहे, त्यावर पोहायला बंदी आहे, 1990 पासून तो भाग संरक्षित आहे, तेव्हा 'पाच मिनिटं उडी मारतो' हे नाहीच. त्यापेक्षा तिथेच समोर असलेल्या सिमेनाच्या किल्ल्यावर चढा, आत खडकात कोरलेलं छोटंसं थिएटर आहे.

काश गावासमोरचं मेइस बेट तुर्कीच्या किनाऱ्यापासून जेमतेम 2 किमीवर आहे पण ते ग्रीसमध्ये, शेंगेन व्हिसा आणि तुर्कीत परत शिरता येईल असा व्हिसा दोन्ही हवेत.

कडक सुटकेस आणू नका, ठेवायला जागाच नसते.

आणि खाडीतल्या रेस्टॉरंटच्या लाकडी जेट्टीला बोट लावलीत तर तिथेच जेवा, बहुतेक ठिकाणी बांधायचे वेगळे पैसे घेत नाहीत ते याच भरवशावर. शाकाहारी असाल तरी मेझेमध्ये, म्हणजे जेवणाआधीच्या छोट्या छोट्या पदार्थांत, वांगी, दही, डाळी भरपूर मिळतं, तेव्हा बोटीवर मॅगी करून सकाळी गुपचूप सटकू नका.