अर्धवट आठवणाऱ्या गाण्यावर रोलप्लेइंग गेम कसा बसवायचा

हादगा सुरू झाला की बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत पाट मांडायचे, पाटावर हत्ती आणि भोवती पोरींचा फेर. आम्हा पोरांना फेरात जागा नाही. मी पायरीवर खिरापतीवर डोळा ठेवून बसायचो. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. ताईला ती सगळी तोंडपाठ, मला नुसती टोकं. रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट पुढं न्यायची. तो चालवायला मात्र ही टोकंच बरी.

गाणं निवडताना एकातून एक वस्तू निघत जाते असं घ्या. ‘अक्कणमाती चिक्कणमाती’मध्ये मातीत जातं रोवतात, जात्यावर सपीठ दळतात, सपिठाच्या करंज्या, करंज्या तबकात, पुढं काहीतरी, आणि मग माहेर. हे ‘पुढं काहीतरी’ म्हणजेच तुमचा खेळ. मोबाइलवर शोधू नका. ताईला फोन तर मुळीच लावू नका. मी एकदा लावला, तिनं अख्खं गाणं म्हणून दाखवलं आणि रविवारचा बेत तिथंच संपला.

आता नकाशा. ड्रॅगनची गुहा वगैरे कशाला? सासर जांबोटीला, माहेर राजहंसगडाच्या पायथ्याला येळ्ळुरात. पावसाळा आहे, मधे मलप्रभा फुगलीय, आणि तबकातल्या करंज्या भिजायच्या नाहीत. चार खेळाडूंना एवढं पुष्कळ. एकाला सून करा, एकाला वाटाड्या. उरलेले दोघं आपलं आपण ठरवतात. आमच्यात एकजण दर वेळी म्हैस होतो.

फाशांचं काय? 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम काढला, तेव्हापासून वीस बाजूंच्या फाशाचा रुबाब. तो नसला तर ल्युडोचे दोन फासे घेऊन भागवू नका. दोन फाशांत 7 सारखा सारखा पडतो, 36 पैकी 6 वेळा. 12 मात्र एकदाच. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याला सारखीच संधी, शंभरात पाच. त्यापेक्षा वीस चिंचोके घ्या, मार्करनं 1 ते 20 आकडे घाला, तांब्यात टाका. न बघता एक काढायचा. काढलेला परत तांब्यात टाकायचा, हे विसरलात तर शेवटी कुणाला काय येणार ते सगळे बोटांवर मोजत बसतात. साधं काम जमायला 8 च्या वर आकडा लागतो, पूर ओलांडायला 15 च्या वर.

खेळ अडला की गाण्याची आठवते तेवढी ओळ म्हणा आणि गप्प बसा. मोकळी जागा खेळाडूनं भरायची, चालीत. त्यानं जे म्हटलं ते त्या जगात खरं. करंज्या कशानं झाकल्या? कुणी म्हणालं घोंगडीनं, तर घोंगडी; आता ती भिजून जड झाली ते तुम्ही बघा. खासबागचा आमचा कन्नड दोस्त अशा वेळी फक्त “मुंदे एनु?” विचारतो. पुढं काय? गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, याहून जास्त बोलायची गरज क्वचितच पडते.

पहिल्यांदा मी उलटं केलं होतं. उत्तर मनात ठरवलं आणि पोरांना ओळखायला लावलं. दीड तास झाला, एकजण चप्पल घालत म्हणाला, “परीक्षा घ्यायलास काय रे?” बरोबरच होतं त्याचं.

ओळखायला लावायचंच असेल तर शेवटी लावा. माहेर आलं की खरा डबा मधे ठेवा. गोड की तिखट, तळलेलं की उकडलेलं, असे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाआधी चिंचोका काढायचा, 10 च्या खाली आला तर प्रश्न बाद. डब्यात आमची ती दुधाची मिठाई, कुंदा, मात्र ठेवू नका. वासावरनं पहिल्याच फटक्यात ओळखतात.