बोडीला जाताय? काचेला नाक लावून सगळं बघा, पण एक खिळासुद्धा उचलू नका

कॅलिफोर्नियात बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, आपली बरीच मंडळी योसेमिटीला जातात, टायोगा पास ओलांडून मोनो लेकपर्यंत उतरतात आणि तिथूनच मागे फिरतात. मला दरवेळी हळहळ वाटते, कारण तिथून तासाभरावर बोडी आहे, सोन्याच्या खाणीचं ओस पडलेलं गाव, आणि ते नीट कसं बघायचं हे कुणी सांगितलेलं नसलं की लोक अर्ध्या तासात चार फोटो काढून निघतात.

आधी वेळ ठरवा. टायोगा पास साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत बर्फामुळे बंद असतो आणि थंडीत बोडीचा रस्ताही बंद, मग स्की नाहीतर स्नोमोबाईलशिवाय पोचता येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर बरं, त्यातही सप्टेंबर मला जास्त आवडतो. हायवे ३९५ वर ब्रिजपोर्टच्या दक्षिणेला २७० नंबरचा फाटा लागतो, तिथून १३ मैल, शेवटचे ३ मैल कच्चा रस्ता, गाडी खडखडते, सावकाश चालवा. पेट्रोल ली व्हायनिंगला किंवा ब्रिजपोर्टला भरून घ्या, डबा आणि भरपूर पाणी बरोबर ठेवा कारण आत खायला काहीच मिळत नाही. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, मॅप आधीच डाऊनलोड करा. उंची ८३७९ फूट आहे, डोकं दुखू शकतं, आणि ऑगस्टमध्येही वाऱ्यासाठी जॅकेट लागतं.

आता इतिहास, हा माहीत असल्याशिवाय जाऊच नका. १८५९ मध्ये डब्ल्यू. एस. बोडी नावाच्या माणसाला इथे सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात सामान आणायला गेलेला असताना बर्फाच्या वादळात तो गेला, गाव वाढलेलं त्याने पाहिलंच नाही. खरी गर्दी झाली १८७६-७७ नंतर, स्टँडर्ड या खाण कंपनीला सोन्याचा मोठा साठा लागला तेव्हा, आणि १८८० च्या सुमाराला सात ते दहा हजार लोक इथे राहत होते, दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, मारामाऱ्या सगळं होतं. पुढे सोनं कमी होत गेलं तशी माणसं पांगली, १९३२ च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळाला, १९४२ मध्ये युद्धामुळे सोन्याच्या खाणी बंद करायचा सरकारी हुकूम आला आणि संपलंच. पण केन कुटुंबाने बरीचशी जागा घेऊन ठेवली होती, त्यांनी राखणदार नेमले म्हणून सामान लुटलं गेलं नाही, आणि १९६२ पासून तो स्टेट पार्क आहे. घरं नवी करत नाहीत, फक्त पडू देत नाहीत, छपराला टेकू देतात, काच बसवतात, बाकी धूळ तशीच.

आत शिरलात की मेन स्ट्रीटवरून धावू नका. बहुतेक घरं बंद असतात, म्हणून काचेला दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघायचं, थोडं थांबायचं, डोळे अंधाराला सरावले की मग एकेक वस्तू दिसायला लागते. बून स्टोअरच्या फळ्यांवर डबे मांडलेले आहेत, शाळेत बाकं आहेत, पृथ्वीचा गोल आहे. मी तिथे किती वेळ उभी होते मला कळलंच नाही, एका घरात जेवणाचं टेबल तसंच होतं, ताटलीवर धुळीचा इतका जाड थर की नक्षी झाकून गेलेली, आणि शेजारी खुर्ची थोडी मागे सरकवलेली, जणू कुणी आत्ताच हात धुवायला उठलंय.

भुतांच्या गोष्टीही इथे आहेत आणि माझा सल्ला असा की प्रत्येक गोष्ट ऐकली की ते माणूस गावात कशासाठी आलं होतं हे विचारा. केनच्या घरात एक चिनी मोलकरीण वावरते म्हणतात, मुलांवर तिचा जीव आहे पण मोठी माणसं तिला खपत नाहीत, तिथे झोपलेल्यांना रात्री छातीवर भार जाणवला असं सांगतात. ही गोष्ट ऐकून किंग स्ट्रीटच्या बाजूला जा, तिथे चिनी वस्ती होती, गावाला लाकूड, भाजी आणि धुतलेले कपडे हेच लोक पुरवायचे आणि आज त्या वस्तीचं जवळपास काहीच उरलेलं नाही. मेंडोसिनी घरात इटालियन स्वयंपाकाचा वास येतो म्हणतात, मग लक्षात येतं की कुठून कुठून माणसं इथे पोटासाठी आली होती. मला भुतांपेक्षा हेच जास्त हलवून गेलं.

कबरस्तानात जायला चढ आहे तरी जाच. तिथे एव्हलिन मायर्सची कबर आहे, वर संगमरवरी छोटी देवदूत. १८९७ मध्ये एका कामगाराच्या कुदळीचा घाव चुकून लागून गेली, तीन वर्षांची होती. तिथे आलेल्या मुलांशी ती खेळते अशी गोष्ट आहे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, मी तिचा हात सोडला नाही. त्याच कबरस्तानात सोनं शोधणाऱ्या त्या डब्ल्यू. एस. बोडीसाठी कोरलेला दगड आहे, पण राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली आणि त्यावर त्यांचं नाव घातलं गेलं.

स्टँडर्ड मिलची, म्हणजे सोन्याचे दगड कुटायच्या गिरणीची, टूर मिळाली तर नक्की घ्या, १८९८ ला जळून १८९९ ला पुन्हा बांधलेली आहे. दगड कुटणाऱ्या यंत्रांचा आवाज दिवसरात्र गावभर चालायचा, आणि १८९० च्या दशकात १३ मैलांवरच्या ग्रीन क्रीकवरून इथे वीज आणली. मिलच्या आत तुम्हाला एकट्याला जाता येत नाही, टूरबरोबरच. उन्हाळ्यात काही संध्याकाळी घोस्ट वॉकही असतात, तारखा आधी बघून ठेवा.

आणि शाप. बोडीतून काहीही उचललं की मागे साडेसाती लागते म्हणतात, लोकांनी गंजलेले खिळे, काचेचे तुकडे माफीच्या चिठ्ठ्यांसकट पोस्टाने परत पाठवलेत, तशी पत्रं म्युझियममध्ये आहेत. चोऱ्या थांबाव्यात म्हणून रेंजर लोकांनीच ही गोष्ट पसरवली असंही म्हणतात. आपल्या कोकणात देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, आजी म्हणायची राखणदार बघतोय, आणि म्हणून ती झाडं टिकली. मला तरी बोडीचा शाप त्याच जातीचा वाटतो आणि मी तो मनापासून पाळते.

जुनी काच उन्हात राहून जांभळी होते, बोडीत असे तुकडे पायाशी चमकतात आणि मुलांना मोह होतोच, माझ्या मुलीने एक मुठीत धरला होता, मी तिला परत चालत नेलं, जिथून घेतला तिथेच ठेवायला लावला, ती रडली पण ठेवला. पार्किंगला आलात की गाडीत बसायच्या आधी पोरांचे खिसे एकदा चाचपा, बुटांच्या खोबणीत अडकलेले खडेही झटकून टाका.