पावडर स्कीइंगला निघताय? आधी यादीतली तीन नावं खोडा

माझा भाचा मध्यंतरी मुलुंडला घरी आला तो हातात कागद घेऊनच. जानेवारीतले नऊ दिवस आणि त्यात चार रिसॉर्ट: यूटामधलं आल्टा, वायोमिंगमधलं जॅक्सन होल, कोलोरॅडोतली व्हेल आणि ब्रेकनरिज. "मावशी, एवढ्या लांब जातोय तर सगळं बघून येतो ना." मी पेन घेतलं आणि तीन नावं खोडली. तो हिरमुसला. मग त्याला तासभर बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते. मुंबईहून निघणारे बहुतेक जण हाच कागद करतात. पहिल्या खेपेला मीही केला होता.

पावडर म्हणजे नुकताच पडलेला, कोरडा, कोणी न तुडवलेला बर्फ. तो आपल्या तारखा बघून पडत नाही. वादळ येतं, रात्रभर बर्फ पडतो, सकाळी दोन-तीन तास स्वर्ग असतो आणि दुपारपर्यंत त्यावरून शेकडो लोक उतरून गेलेले असतात. नऊ दिवसांत चार ठिकाणं धरली, तर तीन दिवस रस्त्यावर जातात आणि बर्फ नेमका त्याच दिवशी पडतो. सॉल्ट लेक सिटीहून जॅक्सन कोरड्या रस्त्यानेही पाच तासांच्या घरात आहे, बर्फात किती लागतील ते सांगता येत नाही. एकाच डोंगरावर सात दिवस राहिलात, तर त्यातली एक तरी सकाळ तुमची होण्याची आशा असते. दुसऱ्या खेपेला मी आल्टाला सहा दिवस होते. पहिले चार दिवस लख्ख निळं आकाश होतं. पाचव्या दिवशी दुपारी ढग उतरले, आणि रात्री खिडकीच्या काचेवर बर्फाचा आवाजसुद्धा येत नव्हता, इतका तो हलका पडत होता. पहाटे हिमदरडी, म्हणजे उतारावरून कोसळू शकणारा बर्फ, आधीच पाडण्यासाठी केलेल्या स्फोटांच्या आवाजाने जाग आली. हिमदरडीचा धोका असला की तिथे रस्ता बंद करतात आणि कोणालाही इमारतीबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. याला ते इंटरलॉज म्हणतात, आणि तो नियम मोडणं गुन्हा आहे. दहाच्या सुमाराला दार उघडलं. रस्ता अजून बंदच होता, त्यामुळे शहरातून कोणी वर आलेलं नव्हतं. मांडीपर्यंत बर्फ होता आणि डोंगरावर आम्ही मोजकी माणसं. ती सकाळ मिळाली, कारण त्या आधीचे चार दिवस मी तिथून हलले नव्हते.

आता ठिकाण कोणतं निवडायचं? किती इंच पडतो यापेक्षा तो किती जड आहे ते आधी विचारा. आल्टाला एका मोसमात सरासरी 500 इंचांहून जास्त बर्फ पडतो. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो सगळा वितळवला तर साधारण 40-45 इंच पाणी होईल. आपल्या सांताक्रूझला एका पावसाळ्यात याच्या दुप्पट पाणी पडतं. म्हणजे त्या बर्फात बहुतेक हवाच असते. मुठीत घेतला तर गोळा होत नाही, तांदळाच्या पिठीसारखा बोटांमधून निघून जातो. कारण समजायला आपला सह्याद्री पुरे. महाबळेश्वर ढगांना पिळून घेतं आणि वाईला जे उरतं ते मिळतं. प्रशांत महासागरावरून येणारे ढग आधी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडावर चढतात आणि तिथे आपलं ओझं उतरवतात. म्हणून तिथला बर्फ ओला आणि जड असतो, स्थानिक लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. मग ते ढग नेवाडाचं वाळवंट ओलांडतात, थंड आणि कोरडे होतात आणि यूटातल्या वासाच डोंगररांगेवर पुन्हा चढताना हलका बर्फ टाकतात. आल्टा आणि स्नोबर्ड त्याच रांगेत आहेत.

माझ्या अनुभवातून एकेक ठिकाण सांगते.

आल्टा फक्त स्कीवाल्यांसाठी आहे, दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवायचा स्नोबोर्ड चालत नाही. तिथली चांगली पावडर वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टमधून उतरल्या उतरल्या मिळत नाही. डोंगराच्या कडेकडेने आडवं सरकत जावं लागतं आणि ती वाट अरुंद, खडबडीत, दमवणारी असते. ज्यांना ते जमतं, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. शेजारचं स्नोबर्ड जास्त उभं आहे. ट्राम, म्हणजे तारेवरून जाणारी मोठी रोपवे केबिन, तुम्हाला थेट 11,000 फुटांवर सोडते आणि खाली येण्याची सोपी वाट लांबलचक असते. दोन्ही डोंगर एकमेकांना जोडलेले आहेत आणि दोन्हींकडे चालणारं तिकीट मिळतं.

जॅक्सन होल देखणं आहे आणि कठीणही. ट्राम नऊ मिनिटांत 4,139 फूट वर नेते. निम्म्याच्या आसपास उतार काळ्या खुणेचे, म्हणजे तज्ज्ञांचे आहेत. खालचा भाग उंचीने कमी आणि उन्हाच्या बाजूला असल्याने तिथला बर्फ लवकर बसतो. वर पावडर आणि खाली चिकट लापशी, असं मला तिथे दोनदा मिळालं. ज्यांचे शंभरेक दिवस स्कीवर झालेत, त्यांनी जरूर जावं. भाच्याचे 22 दिवस झालेत, म्हणून ते नाव मी सर्वांत आधी खोडलं.

व्हेलच्या मागच्या बाजूची मोकळी खोरी पहिल्यांदा पावडर शिकायला फार चांगली आहेत. झाडं कमी, उतार रुंद, पडलात तरी कशावर आपटायची भीती थोडी. पण त्यांतली बरीचशी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. ऊन लागलं की दुसऱ्या दिवशी वर पापडी धरते. कोलोरॅडोतच स्टीमबोटला आस्पेनच्या झाडांमधून स्की करता येतं. पांढरी सरळ खोडं आणि मध्ये जागा. माझ्या मते मध्यम पातळीच्या माणसाला झाडांतली पावडर शिकायला तीच जागा. कॅनडातलं व्हिस्लर अवाढव्य आहे, 8,171 एकर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. मात्र समुद्र जवळ असल्याने बर्फ जड असतो आणि वर बर्फ पडत असताना खाली गावात पाऊस, हे नेहमीचंच. घरातले सगळेच स्की करणारे नसतील, तर व्हिस्लरला त्यांचाही वेळ छान जातो. तिथला व्हिसा वेगळा लागतो, हे लक्षात ठेवा.

उंचीबद्दल आपण मुंबईकर फार बेफिकीर असतो. आपण समुद्रसपाटीची माणसं. व्हिस्लरचं गाव 675 मीटरवर आहे, लोणावळ्यापेक्षा थोडंसंच उंच. सॉल्ट लेक सिटी जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर, डेन्व्हर जवळपास कळसूबाईच्या शिखराइतकं. इथपर्यंत ठीक. पण आल्टाचा पायथा 2,600 मीटरवर आहे, म्हणजे गुलमर्गएवढा, आणि ब्रेकनरिजचा तर 2,900 च्या वर. विमानातून उतरून त्याच रात्री ब्रेकनरिजला झोपाल, तर डोकं ठणकेल, झोप लागणार नाही आणि दोन दिवस वाया जातील. सॉल्ट लेक सिटीत दोन रात्री काढा, मग वर जा. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, रात्री तीनला टक्क जाग येते. शरीराला ते दोन दिवस हवेच असतात. भरपूर पाणी प्या, आणि त्या दोन रात्री दारू नको.

याच्या आधी गुलमर्ग झालंच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही. तिथल्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत मी 41 व्या वर्षी पहिला कोर्स केला. दाबून सपाट केलेल्या मध्यम उतारावर दोन्ही बाजूंना न घाबरता वळता येत असेल आणि हवं तिथे थांबता येत असेल, तरच पावडरकडे वळा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साडेतीन हजार मीटरच्या बराच वर नेतो. तिथे पावडर असते, पण हिमदरडीचा धोकाही असतो, तेव्हा गाइडशिवाय जाऊ नका. मुंबईत तयारी करायची तर जिना चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्या. मी चार महिने आमच्या इमारतीचे चौदा मजले लिफ्टने वर जाऊन पायी उतरत होते, आठवड्यातून तीनदा. पावसाळ्यानंतर राजमाचीहून कोंढाण्याकडची उतरण केली, तर मांड्या काय म्हणतात ते कळेल.

बुटांबद्दल नीट वाचा, कारण माझे दोन दिवस बुटांनीच खाल्ले. एका भाड्याच्या दुकानात मी "जरा घट्ट वाटतायत" म्हटलं आणि त्या मुलाने लगेच एक माप मोठा जोड दिला. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी-निळी झाली होती, कारण सैल बुटात पाय प्रत्येक वळणाला पुढे आपटतो. स्की बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये असतं. घरीच टाच भिंतीला लावून उभे राहा, अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा आणि तो आकडा लिहून न्या. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. पायमोजा एकच, पातळ आणि लोकरीचा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालाल, तर रक्त अडून पाय जास्त गार पडेल. दुकानदार वजन, उंची, वय आणि स्की किती येतं ते विचारतो, तेव्हा खरंच सांगा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची, ते त्यावरून ठरतं. त्यात गुडघ्याचा प्रश्न असतो.

स्की तिथेच भाड्याने घ्या आणि पावडरच्या दिवशी पायाखाली 100 ते 110 मिलिमीटर रुंदीची मागा. गुलमर्गच्या कोर्सला मिळणारी अरुंद स्की भुसभुशीत बर्फात बुडते. अंगावर सुती काहीच नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही. ढगाळ हवेसाठी गॉगलची फिकट पिवळी किंवा गुलाबी काच लागते, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं, चढ-उतार काही दिसत नाही. खिशात मी राजगिऱ्याचे लाडू ठेवते. चिक्की थंडीत दगड होते, राजगिरा खुसखुशीतच राहतो.

आणि दोन रंगीत फिती घ्या, दोन-दोन मीटरच्या. एक टोक बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीला, बांधायचं, उरलेली फीत पँटच्या पायात खोचायची. माझी एक स्की स्नोबर्डला पडल्यावर बर्फाखाली गेली. मी जिथे थांबले होते, त्याच्या खाली खोदत बसले. पाऊण तासाने तिथल्या गस्तीवरच्या बाईंनी दाखवलं की शोध वरच्या बाजूला घ्यायचा, जिथे ती पायातून सुटली तिथे. उरलेल्या स्कीच्या शेपटाने उतारावर आडव्या रेघा कापत जायचं, शेतात पाभर चालावी तशा. तिसऱ्या रेघेला खट्ट झालं.

पावडरमध्ये उतरण्याची रीतही वेगळी आहे. कडक उतारावर आपण बाहेरच्या पायावर भार देतो. इथे तसं केलं की तो पाय बुडतो आणि दुसरा वर राहतो. भार दोन्ही पायांवर सारखा, पाय थोडे जवळ. मागे झुकायचा मोह आवरा, मांड्या पेटतात आणि वळण हातातून जातं. वेग थोडा हवाच, हळू गेलात तर रुतता. गुडघ्यांची लय लेझमीसारखी धरा: खाली, वर, खाली, वर, आणि वर येताना वळा. लेझीम खेळलेल्यांना हे लवकर जमतं, असं माझं पक्कं मत आहे.

दोरीने बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नका, तिथे कोणाच्या खुणा दिसत असल्या तरी. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याशी फांद्यांखाली पोकळ खड्डा असतो. त्यात डोकं खाली जाऊन माणसं गुदमरून दगावली आहेत. झाडांत नेहमी जोडीने जा, सोबतीला नजरेत ठेवा, गळ्यात शिट्टी असू द्या.

पैशांचं थोडक्यात. मोठ्या रिसॉर्टवर गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट 300 डॉलरच्या वर जातं. त्यापेक्षा आयकॉन किंवा एपिक पास, म्हणजे अनेक रिसॉर्टवर चालणारा मोसमाचा पास, वसंतातच घ्या, तेव्हा स्वस्त असतो, आणि डिसेंबरमध्ये विक्री साधारण बंद होते. आल्टा, स्नोबर्ड, जॅक्सन, स्टीमबोट आयकॉनवर. व्हेल, ब्रेकनरिज, व्हिस्लर एपिकवर. यादी दरवर्षी तपासा. जानेवारी आणि फेब्रुवारीतला तिसरा सोमवार तिथे सुट्टीचा, ते दोन शनिवार-रविवार टाळा. बीकेसीतल्या अमेरिकन व्हिसा मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही, वर्षभर आधी सुरुवात करा. प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का, ते लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

भाच्याचा कागद आता असा आहे: दोन रात्री सॉल्ट लेक सिटी, सात रात्री आल्टाच्या लॉजमध्ये. दोन दिवस जास्तीची रजा त्याने टाकली आहे. परवा फोन केला होता, चौदा मजल्यांचा दुसरा आठवडा चालू आहे म्हणाला. माझे जुने बूट त्याच्या बहिणीला बसतायत, म्हणून काल माळ्यावरून काढले. मुंबईच्या दमट हवेत आतल्या अस्तराला बुरशी धरते, म्हणून अस्तर बाहेर काढून दोन दिवस पंख्याखाली ठेवलंय, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून.