ट्रेसिंग पेपरवर इजिप्त

भूगोल शिकवत होते तेव्हा एकाच देशाचे वेगवेगळे नकाशे एका कागदावर उतरवण्याचं हे काम मी वर्गात दरवर्षी करून घ्यायचे. आता नातीबरोबर घरी करते. शाळेचा ॲटलास, ट्रेसिंग पेपर आणि चार रंगीत पेन्सिली एवढंच लागतं.

आधी प्राकृतिक नकाशावर पेपर ठेवून इजिप्तची सीमा आणि नाईल गिरवा. गिरवता गिरवता विचारा, नदी कुठून कुठे वाहते? बहुतेक मुलं ‘वरून खाली’ म्हणतात. कागदाची खालची बाजू म्हणजे उतार, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. नाईल मात्र दक्षिणेकडून उत्तरेला, भूमध्य समुद्राकडे जाते. म्हणूनच ‘वरचा इजिप्त’, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा दक्षिण भाग, नकाशात खाली सापडतो! एवढं कळलं, की सूचीतले उंचीचे रंग मुलं आपणहून बघायला लागतात.

मग पर्जन्याचा नकाशा. तो आधीच्या नकाशापेक्षा वेगळ्या प्रमाणावर छापलेला असेल, तर पेपर सरकवत बसू नका. कर्कवृत्त आणि नदीचं मुख या खुणा धरून रंगाचे पट्टे नुसत्या नजरेने उतरवा. कैरोत वर्षभरात जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलैमध्ये एका दुपारी तेवढा पडून जातो.

तिसऱ्या रंगाने लोकसंख्या भरा आणि इथे घाई करू नका. पुस्तकात सरासरी घनता दिलेली असते, चौरस किलोमीटरला शंभराच्या आसपास. ती वाचून माणसं देशभर विखुरलेली असतील असं वाटतं. इजिप्तचं क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. पण १० कोटींहून अधिक लोकांपैकी जवळजवळ ९५ टक्के लोक सुमारे ५ टक्के जमिनीवर राहतात. पेन्सिल नदीला चिकटूनच चालते आणि कैरोच्या उत्तरेला त्रिभुज प्रदेशात पंख्यासारखी पसरते. पाऊस नाही, मग इतक्या माणसांना पाणी कुठलं? हा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबा. आपण सांगून टाकलं तर सगळी मजा जाते.

आता बोट नदीवरून उलट्या दिशेने न्या. इजिप्तच्या दक्षिणेला सुदानमध्ये, खार्टूमला दोन नद्या मिळतात. त्यातली निळी नाईल धरून गेलात तर इथिओपियाच्या उंच पठारावर, पर्जन्याच्या गडद पट्ट्यात पोचता. तिथल्या नव्या मोठ्या धरणाची इजिप्तला एवढी धास्ती का, हे त्या कागदावरच दिसतं.

चौथी पेन्सिल खनिज तेलासाठी. घरात २०११ च्या आधीचा ॲटलास असेल तर रद्दीत देऊ नका. नव्याशेजारी ठेवा आणि सुदान ताडून बघा. त्या वर्षी दक्षिण सुदान वेगळा झाला. तेलाच्या बहुतेक खुणा नव्या सीमेच्या दक्षिणेला येतात आणि त्या देशाला समुद्र कुठेच शिवत नाही. मग तेल बाहेर कसं जातं? पेन्सिल उत्तरेला न्या, शेजाऱ्याच्या जमिनीवरून, तांबड्या समुद्रावरच्या पोर्ट सुदानपर्यंत. पाइपलाइन त्याच दिशेने गेली आहे.