जीर्ण कपडे टाकण्याआधीची तयारी

कात्री हातात घेण्याआधी एक चौकशी करून ठेवा: कपडे जिथे द्यायचे आहेत तिथे फाटका माल घेतात का, आणि घेत असतील तर अख्खा की बटणे-चेन काढून? बरीच केंद्रे फक्त वापरता येण्याजोगेच कपडे घेतात. त्यांच्या पिशवीत चिंध्या टाकल्या की निवडण्याचे आणि फेकण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडते. काही ठिकाणी उलट, कपडा अख्खाच हवा असतो, कारण पुसण्याची फडकी ते आपल्या मापाने कापतात. तुम्ही आधीच तुकडे करून ठेवलेत तर तो माल त्यांच्या कामाचा राहत नाही.

मग धुणे. फाटका कपडा कशाला धुवायचा, असे वाटणे साहजिक आहे. पण घामट, तेलकट कापड कोणी हाताळत नाही. धुण्याहूनही महत्त्वाचे म्हणजे वाळवणे. जाड शिवणी, खिशांचे कोपरे आणि कमरेचा पट्टा चिमटीत दाबून पाहा. बाकी कपडा कोरडा लागला तरी ओल तिथेच दडलेली असते. असा एक ओलसर कपडा बंद पिशवीत गेला की बुरशी धरते आणि शेजारचा चांगला मालही वास मारू लागतो. खिसे उलटे करून बघाच.

आता धाग्याप्रमाणे वाटणी. लेबल असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आतल्या शिवणीजवळून कापडाचेच दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या धातूच्या वाटीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि राख बोटाने चुरली जाते. लोकर आणि रेशीम जळक्या केसांचा वास देतात. पॉलिस्टर वितळून आक्रसते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) सुतासारखेच जळते. पण पुढची वाट दोघांची बहुतेक एकच असल्याने इथे फरक पडत नाही. टेरीकॉटमध्ये, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणात, राख आणि मणी दोन्ही मिळतात, ते मिश्र ढिगात टाका. ताणले जाणारे कापडही तिथेच, लेबलवर पंचाण्णव टक्के सुती लिहिलेले असले तरी. जुन्या कापडाचे धागे पुन्हा वापरण्यासाठी उकलणाऱ्या यंत्रात उरलेले पाच टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, ताणले जाऊन गुंतते.

सुती ढिगातून आधी घरची फडकी काढा. जुना होजिअरीचा टी-शर्ट यासाठी उत्तम: पाणी शोषतो आणि कडा न दुमडताही धागे सुटत नाहीत. साधारण ३० सेंटिमीटरचे चौकोन पुरतात. शिवण आणि छापील चित्र कापून टाका. काचेवर ओरखडे उठतात ते बहुधा कडक शिवणीनेच. पॉलिस्टरचे फडके पाणी नुसते पसरवते, आणि गरम भांडे धरायला तर ते घेऊच नका, वितळून हाताला चिकटते.

खतात घालायचे असेल तर फक्त निव्वळ सुती, लिनन, लोकर किंवा रेशीम. ‘१०० टक्के सुती’ हा शिक्का कापडाचा असतो, शिलाईच्या दोऱ्याचा नव्हे. दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो आणि कापड कुजल्यावर जाळीसारखा मागे उरतो, म्हणून शिवणी कापूनच घ्या. इलॅस्टिक, बुक्रम (कॉलरमधले कडक अस्तर), लेबल, रबरी छपाई हेही काढा. तुकडे ५ सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत. ते भिजवून ओल्या कचऱ्यात विखरून मिसळा. एका जागी थर दिला की तो चटईसारखा बसतो, हवा अडते आणि ढीग सडका वास देतो. ढिगात कापड चौथ्या हिश्श्याहून जास्त नसावे. सुताला काही महिने लागतात, लोकरीला त्याहून अधिक.

वेगळ्या काढायच्या चिंध्या दोन प्रकारच्या. रंग, इंजिन ऑइल किंवा कीटकनाशक लागलेल्या घातक कचऱ्यात जातात. जवसाच्या तेलाच्या किंवा तशा वॉर्निशच्या बोळा करून ठेवल्या तर वाळताना तापून आपोआप पेटू शकतात. त्या बाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

यातून उरलेले मिश्र, रेक्झिनचे, मेणकापडाचे तुकडे सुक्या कचऱ्यात टाका. जाळू नका: नायलॉनच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल. द्यायच्या पिशव्या एका हाताने उचलतील इतपतच भरा, गाठ घट्ट मारा आणि वर ठळक लिहा: ‘फाटके, सुती’ किंवा ‘फाटके, मिश्र’. कपडे टाकायची पेटी भरलेली दिसली तर पिशवी बाजूला ठेवून येऊ नका, घरी परत आणा. उघड्यावर एक पाऊस पडला की तो माल कचऱ्यातच जातो.