सही झाल्यावरचे साठ दिवस

बाळ सोडून देण्याच्या कागदावर मी सही केली तेव्हा १९ वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, "आता विसरून जा." ते खोटं होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, कलम ३५, फेरविचाराला दोन महिने मिळतात. तोवर बाळ दत्तक देता येत नाही.

म्हणून सांगते. सही करायची ती जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर, दवाखान्यात किंवा कुणाच्या घरी नाही. कागदाची प्रत मागा, हटून मागा. मी मागितली नव्हती, त्यामुळे तारीख सिद्ध करताना नाकी नऊ आले. मन बदललं तर साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा: बाळाची जन्मतारीख, सहीचा दिवस, "मला माझं मूल परत हवं आहे." एवढंच. तो समितीकडेच द्या, तोंडी बोलू नका, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. संस्थेच्या भरवशावर राहिलात तर "साहेब रजेवर आहेत" यातच दिवस जातात. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे फुकट मिळतो.

दवाखान्याचं बिल भरतो म्हणून कुणी बाळ मागितलं, तर ती विक्री आहे. त्याच कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

माझा अर्ज ५२ व्या दिवशी पोचला. लेक आता चौथीत आहे.