लाकडाच्या भुशापासून लॅक्टिक आम्ल: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

माटुंग्याच्या आयसीटीत (रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत) किंवा पवईच्या आयआयटीत असा प्रोजेक्ट घेणाऱ्यांचं सगळं लक्ष जिवाणूवर असतं: कुठला स्ट्रेन, कुठला जीन. काम अडतं ते त्याच्या आधीच, साखरेच्या पाण्यात, म्हणजे भुशातून सोडवलेल्या ज्या साखरेवर जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतो तिच्या द्रावणात. म्हणून सुरुवातीचा वेळ भुशाला द्या.

मुंबईतल्या रे रोडच्या लाकूडबाजारातला भुसा बहुधा मिसळीचा असतो. प्लायवूडचा नको, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. सागाचाही टाळा, सागातली क्विनोन-वर्गीय द्रव्यं सूक्ष्मजीवांना मानवत नाहीत. निलगिरी किंवा सुबाभूळ, एकाच जातीचा भुसा मिळवा. पाइनच्या खोक्यांचा चालतो, पण त्यात झायलोज कमी आणि मॅनोज जास्त (दोन्ही लाकडातल्या साखरा). पावसाळ्यात प्रत्येक पोत्याचा ओलावा मोजा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत. ओला भुसा कोरडा धरला की पुढचे यील्डचे (किती भुशातून किती माल निघाला याचे) सगळे आकडे खोटे.

१०० ग्रॅम कोरड्या भुशाला १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचं १ लिटर द्रावण लागतं, म्हणजे साधारण ५.५ मिली संहत आम्ल (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही). १२१ अंशांवर तासभर ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेत शिजवलं) की हेमिसेल्युलोजचा, म्हणजे लाकडातल्या सहज तुटणाऱ्या साखर-साखळ्यांचा, बराच भाग साखर होऊन पाण्यात उतरतो. सेल्युलोज मागे राहतं. ते तोडायला नंतर सेल्युलेज हे एन्झाइम.

त्या तपकिरी पाण्यात (हायड्रोलायसेटमध्ये) साखरेसोबत फुरफुरल आणि एचएमएफ (साखर जास्त तापून होणारी द्रव्यं), अॅसिटिक आम्ल आणि लिग्निनची (लाकडाला घट्ट धरणाऱ्या द्रव्याची) फेनॉलं असतात; ही जिवाणूला मारक. जास्त तापवलं तर झायलोजचंच फुरफुरल होतं: साखर गेली आणि वर विष आलं. उपाय जुनाच, चुन्याचा. नुसतं आम्ल मारायलाच लिटरमागे सुमारे ७.५ ग्रॅम विरी गेलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) जातो. पीएच १० पर्यंत न्या, ५० ते ६० अंशांवर अर्धा तास ठेवा, तळाशी बसणारं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) गाळा, मग पीएच ६ वर आणा. दहाच्या वर गेलात किंवा गरम जास्त वेळ ठेवलंत तर साखरही जाते. अॅसिटिक आम्ल मात्र चुन्याने निघत नाही. त्याचा आयनांत न फुटलेला रेणूच जिवाणूच्या पेशीत शिरतो, आणि पीएच उतरला की असे रेणू वाढतात, म्हणून पीएच ६ च्या खाली घसरू द्यायचा नाही.

लॅक्टिक आम्ल बनवणारा जिवाणू बॅसिलस कोअॅग्युलन्स पुण्याच्या एनसीआयएममधून (सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून) मागवता येतो. तो ५० अंशांवर वाढतो, तेच तापमान सेल्युलेजलाही चालतं, आणि इतर जंतूंची घुसखोरी कमी होते. शिवाय तो झायलोजपासून जवळपास निव्वळ लॅक्टिक आम्ल बनवतो. फॉस्फोकीटोलेज मार्गाने (झायलोज मोडण्याच्या दुसऱ्या रासायनिक वाटेने) जाणारे जिवाणू १ ग्रॅम झायलोजमधून ०.६ ग्रॅम लॅक्टिक देतात, उरलेलं ०.४ अॅसिटिक. इनॉक्युलम (जिवाणूचं विरजण) साध्या ग्लुकोजवर वाढवून थेट हायड्रोलायसेटमध्ये टाकलं तर तासन्‌तास काही हलत नाही. आधी पाव, मग अर्ध्या ताकदीच्या हायड्रोलायसेटची सवय लावा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (जिवाणूचं पोषण) साखरेपासून वेगळं निर्जंतुक करा, एकत्र तापवलं तर साखर तपकिरी होऊन वाया जाते. ग्लुकोज संपेपर्यंत झायलोजला हात लागत नाही, तेव्हा वाढीचा आलेख मध्येच सपाट झाला तर कल्चर मेलं समजून फेकू नका.

मोजणी डीएनएसवर (रंग पाहून एकूण साखर मोजण्याच्या पद्धतीवर) सोडू नका. साखरा वेगळ्या ओळखायला एचपीएलसीच (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करणारं यंत्र) हवं. आम्लांसाठीच्या हायड्रोजन कॉलमवर झायलोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज एकाच शिखरात येतात. पाइन वापरत असाल तर लेड कॉलम घ्या.

लॅक्टिक आम्ल बनत जातं तसा पीएच उतरतो; तो धरायला चुनखडी स्वस्त, १०० ग्रॅम लॅक्टिकमागे ५५ ग्रॅम. लॅक्टिक त्यात कॅल्शियमचा क्षार होऊन बसतं, शेवटी सल्फ्युरिक आम्ल घालून ते सोडवताना एक टन मालामागे जवळपास एक टन जिप्सम उरतं. कुठल्याही प्रकल्पाचा खर्च मांडताना त्या ढिगाची विल्हेवाट पहिल्या पानावर लिहा.